एका यंत्राची दोन नावे: नारायण पेठेतील अक्षरजुळणी कार्यालयाचे प्रकरण

नारायण पेठेतील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करणारे एक कार्यालय आहे. अप्पा बळवंत चौक चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे प्रकाशकांची ये-जा दिवसभर चालू असते, आणि गणेशविसर्जन झाले की दिवाळी अंकांच्या कामामुळे तिथे मान वर करायलाही उसंत नसते. कार्यालयात सात विंडोज संगणक, चित्रांच्या कामासाठी एक मॅक, स्कॅन करणारे एक मोठे कॉपियर आणि सगळ्यांच्या फायली साठवणारे एक सामायिक यंत्र आहे. या सामायिक यंत्राचे नाव बदलण्याचा प्रयत्न अर्धवट झाला, त्यातून एका दिवाळी अंकाचा कथाविभाग पुसला गेला, आणि पुढे तेच काम रीतसर करण्यासाठी मला बोलावण्यात आले. संगणकाचे नाव बदलणे हे किरकोळ काम समजले जाते, म्हणूनच हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवावेसे वाटले. (संगणकांची नावे प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच असतात; वाचायला सोयीचे म्हणून येथे ती देवनागरीत दिली आहेत. ग्राहकाची ओळख राहू नये म्हणून माणसाच्या नावावरून आलेले नाव बदलले आहे.)

सामायिक यंत्राला सगळे जण ‘सचिन-पीसी’ म्हणत. विंडोज ७ बसवताना वापरकर्त्याचे नाव भरले की त्यालाच ‘पीसी’ जोडून संगणकाचे नाव सुचवले जाई, आणि बहुतेक जण ते तसेच स्वीकारत. ज्या ऑपरेटरने ते यंत्र बसवले तो पुढे नोकरी सोडून गेला, परंतु नाव राहिले. १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा आधार संपल्यावर त्या जागी उबुंटू (लिनक्स प्रकारातली प्रणाली) आणि साम्बा (विंडोज संगणकांना फायली पुरवणारा कार्यक्रम) असलेले नवे यंत्र आले. ते बसवणाऱ्या तंत्रज्ञाने साम्बाच्या मांडणीफायलीत नेटबायोस नाव, म्हणजे जाळ्यावर हाक मारायचे जुन्या पद्धतीचे नाव, म्हणून ‘सचिन-पीसी’ हेच लिहिले, त्यामुळे कोणत्याही संगणकावर काहीही बदलावे लागले नाही. त्या वेळी तो निर्णय योग्यच होता. मात्र तेव्हापासून या यंत्राला दोन नावे झाली: उबुंटूला ठाऊक असलेले प्रणालीचे नाव एक, आणि विंडोज संगणकांना दिसणारे नेटवर्कवरचे नाव दुसरे. हे कुठेही लिहून ठेवलेले नव्हते.

पुढे विंडोज ११ असलेले दोन संगणक आले. त्यांच्या ‘नेटवर्क’ खिडकीत सामायिक यंत्र दिसेना. याचे कारण यंत्रात नसून विंडोजमध्ये होते: ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबीची, म्हणजे जाळ्यावरून फायली सामायिक करण्याच्या पद्धतीची, पहिली, असुरक्षित आवृत्ती मूळ मांडणीतून वगळण्यात आली, आणि नेटबायोसवर आधारलेली संगणकांची जुनी यादीही तिच्याबरोबर गेली. नव्या विंडोजला ती यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या वेगळ्या पद्धतीने मिळते, आणि लिनक्स यंत्राने त्या पद्धतीने स्वतःची ओळख जाहीर करायची तर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा कार्यक्रम लागतो. मालकीणबाईंच्या ओळखीच्या एका तरुणाने तो बसवला. त्याच बैठकीत, सोडून गेलेल्या माणसाचे नाव आता काढून टाकावे असे बाईंनी म्हटल्यावरून, त्याने उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये यंत्राचे नाव बदलून ‘न्यू-सर्व्हर’ केले.

इथे दोन गोष्टी एकदम घडल्या. डब्ल्यूएसडीडी जाहीर करताना प्रणालीचे नाव घेतो, म्हणून ‘नेटवर्क’ खिडकीत ‘न्यू-सर्व्हर’ दिसू लागले. साम्बाचे नाव मात्र मांडणीफायलीत स्वतंत्रपणे लिहिलेले असल्यामुळे ते बदललेच नाही, आणि प्रत्येक संगणकावर झेड अक्षराने जोडलेला ड्राइव्ह पूर्वीप्रमाणे ‘काम (सचिन-पीसी)’ असाच दिसत राहिला. यंत्र एक, डिस्क एक, फोल्डरही एकच. परंतु पडद्यावर दोन यंत्रे उभी राहिली. विंडोजच्या लेखीही ती दोन वेगळी यंत्रेच ठरतात, कारण जोडणीची नोंद आणि जतन केलेला पासवर्ड हे दोन्ही नावाप्रमाणे ठेवले जातात.

मांडणी करणाऱ्या ऑपरेटरला एका दिवाळी अंकाचा कथाविभाग दोन्हीकडे दिसला. नव्या यंत्रावर कुणीतरी प्रत करून ठेवली असावी, उद्या एकीत दुरुस्त्या होतील आणि दुसरीत राहून जातील, अशा रास्त भीतीने त्यांनी ‘न्यू-सर्व्हर’वरची ‘प्रत’ पुसली. त्यांचा हेतू चोख होता. पडद्यावर जे दिसत होते त्यावरून कुणाही काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाने हेच केले असते. पण नेटवर्कवरून पुसलेली फाइल आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, आणि साम्बामध्येही तशी सोय मुद्दाम चालू करावी लागते. ती केलेली नव्हती. संध्याकाळी मुद्रितशोधक झेड ड्राइव्हवर फाइल उघडायला गेले तेव्हा फोल्डर नव्हता. आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून तो परत मिळाला आणि त्या दिवसाच्या दुरुस्त्या पुन्हा कराव्या लागल्या. हा बॅकअप आरशासारखा होता, म्हणजे मूळ ठिकाणी पुसलेले तो प्रतीतूनही पुसत असे. गोष्ट त्याच संध्याकाळी लक्षात आली नसती, तर रात्री तीही प्रत गेली असती.

मी पाहणी केली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते ती कथाविभाग पुसला जाण्याहून गंभीर होती. हा बॅकअप एका विंडोज संगणकावरून, ठरलेल्या वेळी, ‘सचिन-पीसी’ हे नाव लिहिलेल्या आज्ञेने चालत असे. त्या तरुणाने काम ‘पूर्ण’ केले असते, म्हणजे साम्बाचेही नाव बदलले असते, तर त्याच रात्रीपासून बॅकअप बंद पडला असता. ते काम पडद्याआड चालत असल्यामुळे कुणालाही कळले नसते. झेड ड्राइव्ह बंद पडला तर दहा मिनिटांत आरडाओरडा होतो. बॅकअप बंद पडल्याचे मात्र त्याची गरज लागेल त्या दिवशीच समजते.

म्हणून पहिला निर्णय असा झाला की दिवाळी अंक छापायला जाईपर्यंत नाव बदलायचेच नाही. फक्त डब्ल्यूएसडीडीला त्याच्या एका पर्यायाने ‘सचिन-पीसी’ हेच नाव जाहीर करायला सांगितले, त्यामुळे पडद्यावर पुन्हा एकच यंत्र दिसू लागले. नको असलेले नाव आणखी काही आठवडे राहणार म्हणून बाई थोड्या नाराज झाल्या, परंतु ऐन हंगामात चालत्या कामाच्या पायाला हात लावू नये हे त्यांना पटवावे लागले नाही. त्याच दिवशी साम्बामध्ये पुसलेल्या फायली वेगळ्या फोल्डरात ठेवण्याची सोयही चालू केली.

येथे नावांचे थर समजून घेणे आवश्यक आहे. नेटबायोस ही १९८३ मध्ये आयबीएमच्या संगणक-जाळ्यासाठी सायटेक कंपनीने तयार केलेली रचना. तिच्यात नावाला १६ बाइटची जागा असते, आणि विंडोजच्या पद्धतीत सोळावा बाइट ‘हे नाव कोणत्या सेवेचे’ हे सांगण्यासाठी राखून ठेवलेला असतो. म्हणून नावाला १५च अक्षरे मिळतात. इंटरनेटच्या डीएनएस पद्धतीत नावाच्या एका भागाला ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, आणि संगणकाच्या नावात इंग्रजी अक्षरे, अंक व हायफन एवढेच चालते. अधोरेषा चालत नाही. विंडोजमध्ये आपण एकच रकाना भरतो आणि त्यावरून ही दोन्ही नावे ठरतात, लांब नावाची नेटबायोस आवृत्ती १५ अक्षरांवर कापली जाते. उबुंटूमध्ये प्रणालीचे नाव एका फायलीत, साम्बाचे नाव साम्बाच्या मांडणीत, आणि ‘डॉट लोकल’ने संपणारे नाव अवाही या सेवेकडे असते, साम्बात किंवा अवाहीत काही वेगळे लिहिलेले नसेल, तर ती प्रणालीचेच नाव घेतात. मॅकमध्ये माणसाला दाखवायचे, स्थानिक जाळ्यावरचे आणि प्रणालीचे अशी तीन नावे असतात. या कार्यालयातल्या मॅकने तर जाळ्यावर त्याच नावाचे यंत्र आहे अशा समजुतीने स्वतःच्या नावापुढे ‘२’ जोडून घेतला होता. तो सेटिंग्जमधून काढला.

दिवाळीनंतर कामाला सुरुवात केली ती जुने नाव कुठे कुठे लिहिलेले आहे याच्या झडतीने. नाव त्या एका यंत्रात असते हा समज चुकीचा आहे. यंत्रात ते फार तर दोन-तीन फायलींत असते, पण त्या यंत्राला हाक मारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ते वेगळे लिहिलेले असते. प्रत्येक विंडोज संगणकावर ‘नेट यूज’ ही आज्ञा चालवून जोडलेले ड्राइव्ह पाहिले, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट एकेक करून तपासले, ठरलेल्या वेळी चालणारी कामे उघडून वाचली. कॉपियरच्या पत्तापुस्तकात स्कॅन ठेवण्याचा फोल्डर ‘सचिन-पीसी’ नावानेच होता. जतन केलेले पासवर्ड विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये याच नावाखाली होते आणि मूळ पासवर्ड कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हता. नवे नाव दिल्याबरोबर बहुतेक संगणक पासवर्ड मागणार होते, म्हणून साम्बाची खाती आणि पासवर्ड आधीच नव्याने ठरवून घेतले.

सर्वांत नाजूक भाग इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या फायलींचा होता. पुस्तकात बसवलेले चित्र बहुधा फायलीत साठवलेले नसते; फायलीत त्या चित्राचा पत्ता असतो. ज्यांनी झेड ड्राइव्हवरून चित्रे बसवली होती त्यांच्या पत्त्यात यंत्राचे नावच नव्हते, म्हणून झेडची जोडणी नव्या नावाकडे वळवली की ती पुस्तके शाबूत राहणार होती. ज्यांनी ‘नेटवर्क’ खिडकीतून फोल्डर उघडून चित्रे ओढून आणली होती, त्यांच्या पत्त्यात ‘सचिन-पीसी’ लिहिलेले होते. मॅकवर मात्र जोडलेला फोल्डर यंत्राच्या नावाने न दिसता फोल्डरच्या स्वतःच्या नावाने दिसतो, त्यामुळे तिथे बसवलेल्या चित्रांना धोका नव्हता. एकाच कार्यालयात, एकाच यंत्रावरची चित्रे तीन प्रकारच्या पत्त्यांनी जोडलेली होती. चालू असलेल्या पुस्तकांची यादी करून त्यांचे पत्ते झेडवर आणले. जुन्या पुस्तकांना तेव्हा हात लावला नाही.

नवे नाव काय असावे यावर बरीच चर्चा झाली. थोरले मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांची इच्छा होती की ‘अक्षरजुळणी-विभाग-१’, ‘अक्षरजुळणी-विभाग-२’ अशी मराठी नावे सर्व संगणकांना असावीत. इच्छा मनापासूनची होती आणि मला ती आवडलीही, परंतु ‘अक्षरजुळणी’ रोमन लिपीत लिहायलाच १२ अक्षरे लागतात, हायफन तेरावे, आणि मग ‘विभाग’ या शब्दाची दोनच अक्षरे उरतात. पुढचा क्रमांक कापला गेला की नेटबायोसच्या दृष्टीने सगळ्या संगणकांचे नाव एकच झाले असते. शिवाय ‘काम’, ‘साठा’, ‘वाडा’ असे शब्द रोमन लिपीत प्रत्येक जण वेगळे लिहितो, आणि फोनवरून नाव सांगताना तिथेच घोटाळा होतो. १९९० मध्ये निघालेल्या आरएफसी ११७८ या इंटरनेटविषयक टिपणात संगणकाला माणसाचे किंवा चालू प्रकल्पाचे नाव देऊ नये असा सल्ला आहे; या कार्यालयाला त्यातला पहिला भाग अनुभवाने कळला होता. शेवटी सामायिक यंत्राचे नाव ‘तिजोरी’ आणि ऑपरेटरांच्या संगणकांची नावे ‘लिपी-१’पासून पुढे अशी ठरली. दोन्ही शब्दांचे रोमन लेखन सहसा एकाच प्रकारे होते. काकांसाठी एक गोष्ट करता आली: उबुंटूमध्ये माणसांना दाखवण्यापुरते एक सुशोभित नाव वेगळे ठेवता येते आणि त्याला लिपीचे बंधन नसते, तिथे ‘अक्षरजुळणी विभाग, तिजोरी’ असे देवनागरीत लिहिले.

प्रत्यक्ष बदल रविवारी केला आणि तो लवकर आटोपला. आधी पूर्ण बॅकअप घेतला आणि त्यातले काही फोल्डर उघडून पाहिले. मग होस्टनेमसीटीएल या आज्ञेने प्रणालीचे नाव बदलले आणि नावांसमोर पत्ते लिहिलेल्या होस्ट्स फायलीत १२७.०.१.१ या पत्त्यासमोरचे जुने नावही हाताने बदलले. ते राहून गेले तर काही रचनांमध्ये यंत्र स्वतःलाच ओळखत नाही आणि प्रशासकीय आज्ञा देताना तक्रार करते. साम्बाच्या मांडणीत नेटबायोस नाव ‘तिजोरी’ केले, आणि ‘नेटबायोस अलायसेस’ या ओळीत ‘सचिन-पीसी’ हे जुने नाव टोपणनाव म्हणून ठेवले. डब्ल्यूएसडीडीला दिलेले वेगळे नाव काढून टाकले. राउटरमध्ये या यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कायमचा एकच पत्ता राखून ठेवला. ज्यांच्याकडे सामायिक यंत्र विंडोजचेच आहे त्यांनाही रजिस्ट्रीतील ‘ऑप्शनलनेम्स’ या नोंदीने असेच जादा नाव ठेवता येते.

या रचनेचा मोठा गुण असा की टोपणनाव हाकेला ओ देते, पण नव्या विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत दिसत नाही, कारण ती खिडकी डब्ल्यूएसडीडीने जाहीर केलेले एकच नाव दाखवते. जुने नाव वापरणाऱ्या गोष्टी चालू राहतात आणि ‘नेटवर्क’ खिडकीत यंत्र एकच दिसते. झेडवर पूर्वीच्याच नावाची जोडणी राहू नये म्हणून ती त्याच दिवशी सर्व संगणकांवर नव्या नावाने करून घेतली, आणि बॅकअपची आज्ञा बदलून ती माझ्यासमोर एकदा चालवून पाहिली.

ऑपरेटरांच्या संगणकांची नावे बदलणे तुलनेने सरळ होते: सेटिंग्जमध्ये जाऊन नाव द्यायचे आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. एका संगणकाला जोडलेला प्रिंटर इतरांसाठी सामायिक केलेला होता, तो सर्वांकडे पुन्हा जोडावा लागला. जुने दोन संगणक एकाच डिस्कची प्रत करून तयार केलेले असल्यामुळे अधूनमधून ‘हे नाव जाळ्यावर आधीच आहे’ अशी सूचना देत, ती थांबली. मात्र प्रत केलेल्या विंडोजचे आतले ओळखक्रमांक नाव बदलून वेगळे होत नाहीत, त्यासाठी प्रत करण्यापूर्वी सिस्प्रेप हे विंडोजचे साधन चालवावे लागते. म्हणून त्यांपैकी एकावर विंडोज नव्याने बसवावे असे सुचवले.

टोपणनाव किती दिवस ठेवायचे, हा या कामातला खरा अवघड प्रश्न होता. जुन्या नावाने कोण हाक मारते हे साम्बाच्या नोंदींतून समजावे ही अपेक्षा स्वाभाविक आहे, आणि साम्बामध्ये हाक मारलेल्या नावासाठी एक चिन्हही आहे. पण माहितीपुस्तिकेतच स्पष्ट म्हटले आहे की पोर्ट ४४५ या क्रमांकाच्या जोडणीमार्गावरून येणाऱ्या जोडण्यांमध्ये ते मिळत नाही, आणि आजचे सर्व संगणक त्याच पोर्टवरून येतात. तेव्हा दुसरा मार्ग घेतला. सर्वांना आधी सांगून, जेवणाच्या सुट्टीत टोपणनाव थोडा वेळ काढले आणि काय बंद पडते ते पाहिले. कॉपियरचा पत्ता देखभाल करणाऱ्या माणसाशिवाय बदलता येत नसल्यामुळे तो अजून जुनाच होता, तो अडला. मुद्रितशोधकांचा घरून आणलेला लॅपटॉप झडतीच्या दिवशी कार्यालयात नव्हता, तोही अडला. कॉपियरमध्ये पुढे नावाऐवजी राखून ठेवलेला अंकी पत्ता लिहिला, कारण त्याच्या पत्तापुस्तकाकडे वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही.

एवढ्यावर टोपणनाव काढून टाकण्याचा मोह होता. बाईंनी विचारले, “आता सगळं चालतंय ना, मग काढूया का?” मी थांबायला सांगितले. रोज होणारी कामे रोजच्या चाचणीत सापडतात. वर्षातून एकदा होणारी कामे सापडत नाहीत. या कार्यालयात असे काम म्हणजे मार्चअखेरचे हिशोब. एक्सेलमधला दुसऱ्या फायलीशी असलेला दुवा, ती फाइल ज्या वाटेने उघडली होती त्या वाटेने जतन होतो, आणि हिशोबाची फाइल झेडवरून उघडली जात होती की ‘नेटवर्क’ खिडकीतून, हे कुणाला आठवत नव्हते. टोपणनाव आर्थिक वर्ष संपेपर्यंत ठेवायचे ठरले. मार्चमध्ये हिशोब लिहिणाऱ्या गृहस्थांनी वार्षिक ताळेबंदाची फाइल उघडली तेव्हा तिच्यात गेल्या वर्षीच्या फायलींचे दुवे ‘सचिन-पीसी’ नावानेच निघाले. टोपणनाव असल्यामुळे ते चालले. एक्सेलच्या दुवे बदलण्याच्या सोयीने ते झेडवर आणले आणि एप्रिलमध्ये टोपणनाव काढले.

जुन्या पुस्तकांच्या इनडिझाइन फायली तशाच ठेवल्या आहेत. त्या सगळ्या उघडून पत्ते बदलणे शक्य होते, परंतु ज्या पुस्तकांची पुन्हा आवृत्ती निघेल की नाही हे ठाऊक नाही त्यांच्या फायली उघडून, नव्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये जतन करून, ओळी हलण्याचा धोका पत्करणे मला योग्य वाटले नाही. पुनर्मुद्रण हाती आले की ऑपरेटर प्रथम फाइलची प्रत करतात, चित्रांच्या यादीत लाल प्रश्नचिन्हे दिसली की झेडवरचा त्या पुस्तकाचा फोल्डर दाखवून सर्व चित्रे एकदम पुन्हा जोडतात, आणि मग जुन्या छापील प्रतीशी पानोपान ताडून पाहतात. संगणकांची नवी नावे, त्यांचे राखीव पत्ते आणि ‘सचिन-पीसी’ हे नाव पूर्वी कशाचे होते ही माहिती कामाच्या नोंदवहीत पहिल्या पानावर लिहिलेली आहे.